ओढ्याचा अंगठा

मुचंडीकर वकिलांना, म्हणजे अण्णांना, मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका लग्नपत्रिकेवर रेघ मारत होते. पत्रिका त्यांच्या पुतण्याची. छापण्याआधी एकदा नजरेखालून घाला म्हणून घरच्यांनी कच्चा नमुना पाठवला होता. 'अगत्य येण्याचे करावे'च्या खाली चार बोटं जागा कोरी उरली होती. अण्णांनी पेन काढलं, त्या कोऱ्या जागेवर तिरकी रेघ ओढली, रेघेच्या दोन्ही टोकांना सही केली आणि नमुना परत दिला.

"लग्नपत्रिकेत कोण काय घुसडणार?" मला राहवलं नाही.

"जागा दिसली की घुसडणाऱ्याला सुचतंय," ते वर न बघता म्हणाले. "तूच टेबल मागायला आल्यालीस व्हय? बस. त्या खुर्चीत नको, तिचा एक पाय आखूड हाय."

बेळगावच्या कॅम्पातल्या एका कौलारू बंगलीची पुढची खोली ही त्यांची कचेरी. मला बसायला जागा हवी होती आणि त्यांच्याकडे एक टेबल रिकामं होतं. तोवर मी वकिलीत बऱ्यापैकी मुरले आहे, असं माझं मत होतं. अण्णांचं काय मत होतं कोण जाणे, कारण टेबल देण्याआधी त्यांनी माझी चौकशी माझ्या जुन्या घरमालकाकडे, लॉ कॉलेजच्या ग्रंथपालाकडे आणि मी ज्या बसने येत असे तिच्या कंडक्टरकडे केली. कंडक्टर म्हणाला होता, बाई तिकीट उतरेपर्यंत मुठीत धरून असतात. त्यावर मला टेबल मिळालं.

आखूड पायाची खुर्ची तिथे मुद्दाम ठेवलेली होती. ज्या पक्षकाराच्या कहाणीवर संशय यायचा त्याला अण्णा आग्रहाने त्या खुर्चीत बसवत. माणसाचं अर्धं लक्ष तोल सांभाळण्यात जातं आणि उरलेल्या अर्ध्यात खोटं नीट जुळवता येत नाही, असा त्यांचा हिशेब होता. सुरुवातीला मला हा चक्रमपणा वाटला. पण लोक त्या खुर्चीत बसून जे जे बोलून गेले ते ऐकल्यावर मी गप्प बसले.

अण्णा राहायचे खासबागेत. अंगाने किडकिडीत, कोट धुऊन धुऊन काळ्याचा हिरवट झालेला, चष्मा सदा कपाळावर. जन्म खेड्यातला, त्यामुळे कोर्टात इंग्रजी आणि कन्नड कितीही चोख बोलले तरी खोलीत आले की बोली गावची. कुणी 'मला स्वतःला काही नको, सगळ्यांचं भलं व्हावं एवढंच' असं म्हणालं की ते कोटाचं वरचं बटण लावत. "ज्याला कायबी नको त्याला लई पायजे असतंय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते मी इतक्या वेळा ऐकलं की पुढेपुढे तो माणूस बोलायला लागला की मीच बटणाकडे बघायची.

कुंद्याची गोष्ट तर सगळ्या बाररूमला माहीत होती. बेळगावात पक्षकार खूश झाला की खव्याच्या कुंद्याचा डबा घेऊन येतो. निकाल लागल्यावर आणलेला कुंदा अण्णा घेत, केस चालू असताना आणलेला परत पाठवत. एकदा एक जण फारच हटून बसला. डबा ठेवल्याशिवाय जाईना. अण्णांनी डबा उघडला, शिपायाकरवी समोरच्या बाजूच्या वकिलांना बोलावून घेतलं आणि त्या पक्षकाराच्या देखत दोघांनी मिळून तो फस्त केला. "आता ह्यो कुंदा कुणाच्याच बाजूचा न्हाय," असं म्हणून रिकामा डबा धुऊन त्याच्या हातात दिला. तो बिचारा चारचौघांत नुसता हसत उभा राहिला.

मला त्यांचा राग यायचा. माणसाने सावध असावं हे मान्य, पण उठल्यासुटल्या प्रत्येकात चोर बघायचा म्हणजे काय? तसं मी त्यांना एकदा तोंडावर म्हटलंही. ते म्हणाले, "चोर न्हाय बघत. दार उघडं हाय का बघतो." एवढ्याने माझं समाधान झालं नाही.

समाधान झालं ते एकदा निपाणीला जाताना. तिथल्या कोर्टात एक तारीख होती आणि आम्ही एकाच गाडीने निघालो होतो. निपाणीच्या अलीकडे तंबाखूच्या शेतांमधून रस्ता जातो, तिथे एका गावाबाहेर पत्र्याच्या छपराचं देऊळ लागलं. अण्णांनी गाडी थांबवली नाही, नुसतं बोट केलं.

"ह्या देवाची वकिली मी केलतो."

आपल्या कायद्यात देव ही व्यक्ती आहे. त्याच्या नावावर जमीन असते, तो दावा लावू शकतो. पण कायद्याच्या लेखी तो कायमचा अज्ञान, म्हणजे कधीच वयात न येणारं मूल. म्हणून त्याच्या वतीने व्यवहार बघायला कुणीतरी शहाणा माणूस नेमावा लागतो. या देवाची जमीन गावातल्या एका दांडग्या घराण्याने बळकावली होती. तरण्या अण्णांनी देवाच्या बाजूने दावा लढवला आणि जिंकला. गावाने हलगी लावून त्यांना खांद्यावर नाचवलं. मग देवाचा वहिवाटदार म्हणून सगळ्यांनी एकमताने गावातला सगळ्यांत सरळ माणूस नेमला.

"मग?"

"मग काय. त्याच्या सरळपणाची एवढी खात्री, की परत कोण बघायलाच गेलं न्हाय. थोडी थोडी करून सगळी जमीन गेली. प्रत्येक कागदावर एकच, देवाच्या हितासाठी. देवाला ह्यो पत्रा मिळाला."

"आणि तुम्ही सगळ्यांत सरळ माणूस म्हणता त्याला!"

"सरळच होता गं. पण एकटा होता. इचारणारं कोण नसलं की माणसाला आपलंच बरोबर वाटाय लागतंय." त्यांनी मागे पडणाऱ्या देवळाकडे मान वळवली. "देवाला हक्क न्हवता तवर त्याची जमीन घ्यायला दांडगाई लागत होती. हक्क मिळाला, मग नुसती सही पुरली."

हे सगळं मनात असूनही मी ओढ्याच्या वेळी जी चूक करायची ती केलीच.

बेळगुंदीच्या पलीकडे डोंगराच्या अंगाला एक गाव आहे. नाव सांगत नाही, केस अजून चालू आहे. तिथे डोंगरातून एक ओढा उतरतो आणि उन्हाळ्यातही त्याचे डोह आटत नाहीत. गावातल्या विहिरींना पाणी त्याच्याच जिवावर. गावाच्या वरच्या अंगाची जमीन एका शेटने घेतली आणि लेआउट पाडायला काढला. दगडी खांब, रंगीत झेंडे, कमानीवर फलक, सगळं थाटात. ओढा नेमका त्या जमिनीच्या मधून जात होता. त्याला सिमेंटच्या नळ्यांत घालायचा, वर माती लोटायची आणि तिथेही प्लॉट करायचे, असा बेत होता. तसं झालं तर खालच्या विहिरी दोन-तीन उन्हाळ्यांत कोरड्या पडणार, हे गावातल्या बायामाणसांनाही कळत होतं.

गावची मंडळी आमच्याकडे आली. पुढे होते गुरुजी, निवृत्त हेडमास्तर. आसपासच्या निम्म्या गावांनी त्यांच्या हातचा मार खाल्लेला आणि अजूनही त्यांना बघून विडी लपवणारी मोठमोठी माणसं मी पाहिली आहेत. असा माणूस समोर बसलेला आणि मला स्फुरण चढलेलं. त्या दिवसांत मी नद्यांना, रानांना कायद्याने व्यक्ती मानण्याबद्दल जे मिळेल ते वाचत होते. दूरदेशी काही नद्यांना असे हक्क मिळालेत. आपल्याकडेही एका कोर्टाने तसं म्हटलं होतं, पुढे वरच्या कोर्टाने ते थांबवलं. मी म्हटलं, देव जर दावा लावू शकतो तर ओढा का नाही? आपण ओढ्याच्याच नावाने दावा लावू. वाहण्याचा हक्क माझा आहे, असं ओढाच कोर्टाला सांगेल!

गुरुजींच्या डोळ्यांत पाणी आलं. मंडळी एकमेकांकडे बघू लागली. अण्णांनी कपाळावरचा चष्मा काढून पुसला.

"म्हणजे वढा माणूस झाला."

"कायद्यापुरता, अण्णा."

"मग त्येचा अंगठा कोण मारणार?"

मला प्रश्नच कळला नाही.

"आज ह्यो वढा कुणाचाच न्हाय," ते म्हणाले, "म्हणून कुणाला इकता येत न्हाय. शेट बुजवू शकतो, पण माझा हाय म्हणू शकत न्हाय. तू त्येला माणूस करालीस. माणूस झाला की त्येचा अंगठा घेता येतोय. वढ्याच्या हितासाठी म्हणून कोणतरी करार करंल, आणि त्यो करार कायदेशीर असंल." मग मंडळींकडे वळून म्हणाले, "आणि ह्या भागात तर वढा मराठी का कन्नड ह्यावरच निम्मी वर्षं जातील."

मंडळी हसली. गुरुजी हसले नाहीत. मीही नाही.

नंतरचे दिवस अण्णा दाव्याचा विषय काढला की टाळाटाळ करू लागले. कच्चा मसुदा मी करून दिला होता, तो त्यांच्या खणात पडून. तिकडे सिमेंटच्या नळ्या ट्रकने येऊन ओढ्याच्या काठावर रांगेने लागल्या. गुरुजींचे फोनवर फोन. आणि एका दुपारी मी पाहिलं की अण्णा त्या शेटच्या पांढऱ्या गाडीतून उतरताहेत. कचेरीच्या दारात नाही, अलीकडच्या कोपऱ्यावर. उतरून, कोट झटकून, जसं काही बसने आलो अशा चालीने ते खोलीत आले.

इतकी वर्षं लोकांच्या कुंद्यावर संशय घेणारा माणूस! त्या दिवशी मी त्यांच्याशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी लवकर आले आणि त्यांच्या टेबलामागची खुर्ची काढून तिथे आखूड पायाची ठेवली.

अण्णा आले, बसले. खुर्ची डुगडुगली. त्यांनी खाली बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि त्यांचं तोंड असं फुललं की मी त्यांना आधी कधी तसं पाहिलं नव्हतं.

"इचार," ते म्हणाले.

"शेटच्या गाडीत तुम्ही काय करत होता?"

"शाबास! आज वकील झालीस बघ."

"उत्तर द्या, अण्णा."

"त्यानंच बोलावून घेतलेलं. आपला दावा त्याला लई पसंत हाय."

"कुणाला? शेटला?"

"व्हय की. म्हणाला, द्या वढ्याला हक्क, मी कोर्टात इरोध करत न्हाय. फकस्त पालक म्हणून कोणतरी भारदस्त माणूस नेमा. तुमच्यासारखा. न्हायतर गुरुजी चालतील. म्हणजे वढ्याबरोबर बोलणी करता येतील." खुर्ची पुन्हा डुगडुगली, त्यांनी टेबल धरलं. "अख्खं गाव गप करायचं म्हणजे अवघड. एक पालक गप करणं सोपं. माझं वय बघ, माझा पोरगा बेंगळूरला घर बांधालाय. शेटनं सगळी म्हायती काढलेली."

"तुम्ही काय म्हणालात?"

"इचार करून सांगतो म्हणालो. त्याच्या गाडीत लई गार होत होतं, भांडायचं सुचंना."

मी त्यांच्यावर विश्वास ठेवला असं म्हणणार नाही. त्यांच्याच हाताखाली शिकले होते. त्याच दिवशी बेळगुंदीकडची बस धरली आणि गुरुजींचं घर गाठलं. गुरुजी अंगणात पेपर वाचत होते. मी काही विचारायच्या आत तेच आनंदाने सांगू लागले, "शेट येऊन गेले बरं का काल. पुष्कळ निवळलेत. म्हणाले, गुरुजी, तुम्ही पालक होणार असाल तर माझं काही म्हणणं नाही." त्यांच्या चेहऱ्यावर इतका निर्मळ आनंद होता की मला भीती वाटली. मी चहा न घेता परतले.

मग अण्णांनी खणातून मसुदा काढला. ती टाळाटाळ नव्हतीच, ते पालक शोधत होते.

गावच्या देवळासमोर बैठक बसली. पालक गुरुजी, हे गावाने मनात ठरवून टाकलेलं, बैठक नुसती नावापुरती. अण्णा उठले आणि म्हणाले, "पालक दोघं. परशराम गावडे आणि यल्लाप्पा गावडे."

आधी कुणाला खरंच वाटेना. मग हशा पिकला. परशराम आणि यल्लाप्पा सख्खे चुलतभाऊ. ओढ्याच्या या काठाला एकाचं रान, त्या काठाला दुसऱ्याचं. बापाच्या काळात बांधावरून जुंपली ती अजून मिटलेली नाही. एक ज्या लग्नाला जाईल तिथे दुसरा पाऊल टाकत नाही. एकाने रात्री मोटर चालू केली की दुसरा बॅटरी घेऊन बांधावर. त्या बैठकीतसुद्धा एक देवळाच्या पायरीशी आणि दुसरा पार तिकडे पिंपळाखाली बसलेला.

"वकीलसाहेब, चेष्टा करालासा काय?" यल्लाप्पा उभा राहिला. "ह्याच्या संगं मी एका कागदावर सही करू?"

"तूच कर म्हणून पाया पडालोय," अण्णा म्हणाले. "परशरामनं वढ्यातनं एक घमेलं वाळू काढली तर तुला कळंल का न्हाय?"

"कळंल म्हणजे? त्यो खोकला तरी कळतंय मला!"

"आणि ह्यानं पाइप टाकला तर?" अण्णांनी परशरामला विचारलं.

"टाकूनच दाखवू दे की," परशराम तिथूनच ओरडला. मग जरा थांबून त्याने आपली शंका काढली. "पण वढ्यानं माझा ऊस न्हेला, तर मी वढ्यावर नोटीस काढायची, आणि पालक पण मीच?"

"ते पण घातलंय," म्हणून अण्णांनी अटी वाचायला सुरुवात केली. मूळ कागद इंग्रजी, पण ते एकेक ओळ मराठीत करून सांगत होते. पावसाने जे नेलं त्याचा बोल ओढ्यावर नाही. ओढा कुणाला काही विकणार नाही, भाड्याने देणार नाही, कुणाशी तडजोड करणार नाही. तशी वेळ आलीच तर दोन्ही पालकांच्या सह्या, त्याही भर गावसभेत, आणि मग कोर्टाची परवानगी. ओढा व्यक्ती आहे हे कोर्टाने नाही मानलं तरी दावा पडू नये म्हणून जोडीला गावही वादी. आणि शेवटची अट, जी माझ्या मसुद्यात नव्हती. या दाव्यातला वकील मुचंडीकर आणि त्याचे वारस यांना ओढ्याचं पालकत्व कधीही, कोणत्याही कारणाने मिळू नये.

त्यांच्या आवाजात काही फरक पडला नाही. स्वतःच्या पोराचं नाव न घेता त्याच्यावर दार लावणारा माणूस मी त्याआधी बघितला नव्हता.

गुरुजी उठले. "मुचंडीकर साहेब, आयुष्यात माझ्यावर कुणी अविश्वास दाखवला नव्हता."

"त्याचंच भ्या वाटतंय गुरुजी," अण्णा हळू म्हणाले. "तुमच्यावर कोण नजर ठेवणार? तुम्ही उद्या वढा दिला तरी गाव म्हणंल, गुरुजींनी दिला म्हणजे चांगल्यासाठीच दिला असंल. मी एकदा चांगला माणूस नेमून बसलोय. परत ते जमायचं न्हाय मला."

गावाच्या वतीने सही करायला गुरुजी आले तेव्हा त्यांनी अण्णांचं पेन घेतलं नाही, स्वतःचं काढलं. "लई चांगला माणूस दुखावला आज," परतताना गाडीत अण्णा म्हणाले, आणि मला पहिल्यांदाच त्यांची कीव आली. संशय घेणाऱ्याला त्याचं काही वाटत नसेल, असं मी समजत होते.

दावा दाखल करताना कोर्टाचा कारकून अडून बसला. वादीचं वय लिहिलेलं नव्हतं. "वकीलरे, वयस्सु एष्ट्री?" त्याने विचारलं. अण्णा गंभीर तोंडाने कन्नडमध्ये म्हणाले, वयात आलेला नाही एवढं लिहा. धंदा? वाहणे. कारकुनाने अण्णांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि शिक्का मारला.

पालकांची नावं वाचल्यावर शेटचं ओढ्यावरचं प्रेम एका दिवसात संपलं. त्याच्या वकिलाने ओढा म्हणजे माणूस नव्हे, हा पोरखेळ आहे, असं तासभर सांगितलं. न्यायाधीशांनी ओढा माणूस आहे की नाही हा प्रश्न शेवटच्या सुनावणीवर ठेवला. पण तोवर ओढ्याला कुणी हात लावायचा नाही, आणि देखरेख गावडे बंधूंनी करायची, असा हंगामी हुकूम दिला. बंधू हा शब्द ऐकून दोघांनी तोंडं फिरवली.

पुढे महिन्यातून एकदा तरी परशराम कचेरीत येई आणि दार लोटून सांगे की यल्लाप्पाच्या मेव्हण्याने ट्रॅक्टरने वाळू उचलली. तो गेला की आठवड्याने यल्लाप्पा येई आणि सांगे की परशरामने डोहात मोटर सोडली आहे. मी जाऊन बघून येई. दोघांचं खरं निघे आणि दोन्ही गोष्टी बंद होत. काठावरच्या नळ्यांना बघता बघता गवताने वेढलं. खालच्या विहिरींना त्या उन्हाळ्यात पाणी राहिलं. अण्णा हे सगळं ऐकून लहान मुलासारखे खूश व्हायचे. "बिनपगारी राखणदार," म्हणायचे, "आणि दोघंबी जागं."

मग त्यांना चालताना दम लागायला लागला. डॉक्टरांनी कोर्ट बंद म्हणून सांगितलं. त्यांनी एकेक केस दुसऱ्यांकडे सोपवली, ओढ्याची मात्र शेवटपर्यंत धरून ठेवली. ती माझ्या नावावर करायला ते कोर्टात आले तो त्यांचा तिथला शेवटचा दिवस. सह्या झाल्या, आम्ही फाटकापर्यंत आलो. रिक्षा शोधायला मी पुढे होणार तेवढ्यात त्यांनी हाताने थांबवलं.

"ते दोघं एकमेकांवर नजर ठेवतील. तू दोघांवर ठेव."

"ठेवीन. आणि माझ्यावर कोण ठेवणार?" मी गमतीने म्हटलं.

ते हसले नाहीत. "ती सोय केलोय."

"म्हणजे? कुणाला सांगितलंय?"

"ते तुला सांगितलं तर काय उपयोग?"

मला राग आला, वाईटही वाटलं. इतक्या वर्षांनंतर माझ्यावरही? पण त्यांचा चेहरा बघून भांडवेना. त्यात संशय नव्हता, माया होती. त्या माणसाला माया दुसऱ्या कुठल्या रीतीने करताच येत नव्हती, हे मला तेव्हा नीट कळलं नाही. पुढची तारीख यायच्या आत अण्णा गेले.

त्यानंतर एकदा शेटचा माणूस माझ्याकडे आला. फार गोड बोलला. दावा मागे घ्या असं नाहीच, नुसता थोडा ढिला सोडा, एक-दोन तारखांना गैरहजर राहा, हंगामी हुकूम उठला की पावसाळ्याच्या आधी आमचं काम उरकून जाईल, आणि मग ताई तुम्हाला आम्ही विसरणार नाही. मी ताडकन उठून त्याला बाहेर काढलं असं सांगायला मला आवडेल. पण खरं सांगायचं तर मी आधी खिडकीकडे बघितलं. समोर चहावाला होता, बाजूच्या वकिलांचा कारकून होता, झाडाखाली गुरुजींसारखं कुणीतरी छत्री घेऊन उभं होतं. मग मी त्याला बाहेर काढलं. कधीकधी वाटतं, अण्णांनी कुणालाच सांगितलं नसेल. पण खात्री कशी करायची?

अण्णांनी केस माझ्या नावावर केली त्या दिवशी फाटकातून त्यांची रिक्षा निघाली तेव्हा मी हात हलवला. रिक्षा वळताना अण्णांनी मान बाहेर काढली. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. माझ्या खांद्यावरून मागे, कुणाकडे तरी बघून त्यांनी मान डोलावली आणि आत घेतली. मी चटकन वळून बघितलं. फाटकात तारखेला आलेल्या माणसांची ही एवढी गर्दी होती.